तळ्यातल्या माशांची मोजणी आणि जाळ्यातला आकडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या लहान तळ्यातल्या माशांची पाहणी झाली की तिची बातमी बहुधा दोन आकड्यांवर उभी असते: जाती किती मिळाल्या आणि एकूण मासे किती मिळाले. मागच्या पाहणीत १४० मासे होते, यंदा ८० मिळाले, म्हणजे तळ्यातले मासे निम्म्यावर आले, असा हिशेब लगेच मांडला जातो. पाठोपाठ मागणी येते की तळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, सोडा. आम्ही गोड्या पाण्यातल्या माशांच्या पाहण्या करणारी मंडळी आहोत. ही दोन्ही अनुमाने घाईची आहेत, आणि त्यांच्यापायी लहान तळ्याचे होणारे नुकसान पुष्कळदा पुन्हा भरून काढता येत नाही. म्हणून पत्र लांबले तरी छापावे, अशी विनंती.

आधी जाळ्याबद्दल. पाहणीत बहुतेक वेळा गिलनेट लावतात, म्हणजे पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे तंगुसाचे जाळे. मासा आसात, म्हणजे जाळ्याच्या छिद्रात, डोके घालतो, धड पुढे जात नाही, आणि मागे सरायला गेला की कल्ल्यांत धागा अडकतो. आस लहान असला तर मोठ्या माशाचे डोकेच आत शिरत नाही, तो थडकून वळतो. आस मोठा असला तर लहान मासा आरपार निघून जातो. त्यामुळे एका मापाच्या आसाला एका ठरावीक लांबीचेच मासे जास्त लागतात. त्या लांबीपेक्षा साधारण २० टक्क्यांहून लहान किंवा मोठा मासा त्यात क्वचितच सापडतो. एकाच आसाचे जाळे घेऊन केलेल्या पाहणीत ‘तळ्यात बहुतेक मासे एकाच आकाराचे आहेत’ असा निष्कर्ष निघाला, तर तो आकार माशांचा नसून आसाचा असतो.

आसाच्या मापातही एक जुनी गफलत आहे. कुणी ते गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत मोजतात, कुणी आस ताणून समोरासमोरच्या गाठींमधले अंतर धरतात. ताणून घेतलेले माप पहिल्याच्या दुप्पट भरते. एका वर्षीच्या अहवालात ‘४० मिमी आस’ गाठ ते गाठ असेल आणि दुसऱ्या वर्षीच्या अहवालात तोच आकडा ताणून घेतलेला असेल, तर दोन्ही वर्षांत पूर्णपणे वेगवेगळ्या आकाराचे मासे पकडले गेले आहेत. त्यांची तुलना करण्यात काहीच हशील नाही. अहवालात हे माप कसे घेतले ते लिहिलेले नसते, असे आम्हांला फार वेळा दिसते.

या अडचणीवर युरोपात ईएन १४७५७ हे मानक वापरतात. त्यातले जाळे ३० मीटर लांब आणि दीड मीटर उंच असते. त्यात अडीच मीटरचे १२ तुकडे जोडलेले असतात, प्रत्येकाचा आस निराळा, गाठ ते गाठ ५ मिमीपासून ५५ मिमीपर्यंत, आणि एका मापापेक्षा पुढचे माप साधारण सव्वापट. तुकडे चढत्या क्रमाने लावलेले नसतात, मुद्दाम उलटसुलट जोडलेले असतात. जाळी संध्याकाळी लावून सकाळी उचलतात, म्हणजे सुमारे १२ तास, कारण तिन्हीसांजेला आणि पहाटे बरेच मासे सर्वांत जास्त फिरतात आणि हे दोन्ही प्रहर त्यात येतात. तळ्याचे खोलीनुसार पट्टे पाडतात: ३ मीटरपर्यंतचा, ३ ते ६ मीटरचा, ६ ते १२ मीटरचा, असे पुढे. प्रत्येक पट्ट्यात जाळी किती हे आधी ठरते आणि त्या पट्ट्यात ती कुठे टाकायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. ‘इथे मासे असतात’ अशा माहीत असलेल्या जागी ती लावत नाहीत. हे मानक आपल्याकडच्या माशांना जसेच्या तसे लागू पडेल असे आमचे म्हणणे नाही. कटल्यासारख्या मोठ्या डोक्याच्या, उंच धडाच्या माशासाठी ५५ मिमीचा आसही अपुरा पडतो, त्याला आणखी मोठ्या आसाची जाळी जोडावी लागतात. पण जाळे कोणतेही असो, ते दर वर्षी तेच असले पाहिजे, हा या मानकाचा गाभा आहे आणि तो कुठेही पाळता येतो.

वेळेचेही तसेच. दोन तास लावलेल्या जाळ्यात १० मासे आले म्हणून १२ तासांत ६० आले असते, असा त्रैराशिक हिशेब करता येत नाही. जाळे भरत जाते तसे ते पाण्यात दिसू लागते, अडकलेल्या माशांच्या धडपडीने बाकीचे सावध होतात आणि पकड मंदावते. नितळ पाण्यात चांदण्या रात्री जाळे माशांना दिसते. गढूळ पाण्यात, अमावास्येला तेच जाळे जास्त भरते. म्हणून तारीख, लावण्याची आणि उचलण्याची वेळ, पाण्याचे तापमान आणि पारदर्शकता या चार नोंदी नसलेला पकडीचा आकडा आम्ही कुठल्याच तुलनेत धरत नाही. पारदर्शकता मोजायला फारसे काही लागत नाही. २० सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत काळी-पांढरी रंगवलेली चकती दोरीने पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागली ती खोली, दोन्हींची सरासरी घ्यायची. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली चकतीची ही पद्धत सुरू केली. आजही तिच्याइतके स्वस्त आणि भरवशाचे साधन नाही.

आता सुरुवातीच्या ८० माशांकडे वळू. समजा आठ जाळी लावली आणि त्यांत अनुक्रमे ३, ०, ५, २, ६१, ४, ० आणि ५ मासे आले. बेरीज ८०, सरासरी एका जाळ्यामागे १०. पण दहाच्या आसपास मासे आलेले जाळे त्यात एकही नाही. सात जाळ्यांत मिळून १९ आणि एका जाळ्यात ६१, कारण त्या जाळ्यावर एक थवा येऊन आदळला. चढत्या क्रमाने मांडून मधली किंमत काढली तर ती साडेतीन येते. पुढच्या वर्षी तो थवा दहा मीटर बाजूने गेला तर एकूण पकड २० वर येईल आणि ‘मासे चौपटीने घटले’ अशी बातमी होईल, तळ्यात काहीही बदललेले नसताना. म्हणून प्रत्येक जाळ्याचा आकडा वेगळा छापला पाहिजे. त्यातही रिकाम्या जाळ्यांच्या नोंदी सगळ्यांत महत्त्वाच्या. अहवाल सुबक दिसावा म्हणून शून्ये गाळली जातात, आणि ती गाळली की सरासरी आपोआप फुगते.

पाण्याची पातळी हा आणखी एक फसवा घटक. उन्हाळ्यात तळे आटून निम्मे झाले की तेवढेच मासे निम्म्या जागेत गोळा होतात आणि जाळी भरभरून येतात. पाऊस पडून तळे काठोकाठ भरले की तेच मासे विखुरतात, बुडालेल्या गवतात शिरतात आणि जाळी हलकी येतात. मे महिन्यातली पाहणी आणि सप्टेंबरमधली पाहणी शेजारी शेजारी ठेवून वाढ-घट सांगणे म्हणूनच गैर आहे. तुलना करायचीच तर त्याच महिन्यात, जवळपास त्याच पातळीला केलेल्या पाहण्यांची करावी. काठावर एक मोजपट्टी रोवून ठेवली तर पातळीची नोंद कायमची होत राहते.

तर मग तळ्यात एकूण मासे किती, हे कळतच नाही का? कळते, पण त्यासाठी मासे मारून चालत नाही, ते खूण करून परत सोडावे लागतात. डेन्मार्कचे सी. जी. योहानेस पीटर्सन यांनी १८९० च्या दशकात समुद्रातल्या चपट्या माशांवर खुणेचे प्रयोग केले, त्यातून ही रीत आली. झो एमिली श्नाबेल या गणितज्ञ बाईंनी १९३८ साली नेमक्या तळ्यातल्या माशांसाठीच अनेक फेऱ्यांचे सूत्र मांडले. तत्त्व साधे आहे. २०० मासे पकडून खूण करून सोडले. दोन आठवड्यांनी पुन्हा १५० पकडले, त्यांत खुणेचे १२ निघाले. दुसऱ्या पकडीत खुणेच्या माशांचे जे प्रमाण, तेच साऱ्या तळ्यात आहे असे धरले तर २०० गुणिले १५० भागिले १२, म्हणजे २,५००. लहान आकड्यांत हे सूत्र जरा जास्त उत्तर देते, म्हणून संख्याशास्त्रज्ञ चॅपमन यांची १९५१ सालची दुरुस्ती वापरतात: दोन्ही पकडींत एकेक मिळवून गुणाकार करायचा, खुणेच्या माशांत एक मिळवून त्याने भागायचे आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा. उत्तर २,३३४ येते.

इथे थांबून चालत नाही. खुणेचे १२ मासे हा नशिबाचा भाग असलेला आकडा आहे. ही अनिश्चितता हिशेबात धरली तर खरी संख्या साधारण १,४०० ते ४,२०० यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. खुणेचे फक्त तीनच मासे परत मिळाले असते तर हीच मर्यादा ३,१०० ते १८,७०० इतकी पसरली असती, म्हणजे तो अंदाज कामाचाच राहिला नसता. खुणेचे किमान सात मासे परत मिळेपर्यंत संख्या जाहीर करू नये, असे आमचे मत आहे. आणि जाहीर करताना ‘२,३३४ मासे’ असे कधीही लिहू नये. शेवटच्या ३४ ला काहीच अर्थ नसतो. ‘सुमारे २,३००, मर्यादा १,४०० ते ४,२००’ असे लिहावे, आणि ही संख्या किती सेंटिमीटरच्या वरच्या माशांची आहे तेही सोबत लिहावे, कारण त्याहून लहान मासे पकडीत आलेलेच नसतात.

ही रीत बिघडते ती ठरावीक कारणांनी. खूण करताना मासा कोरड्या हाताने किंवा तापलेल्या मोजपट्टीवर धरला की त्याचा चिकट थर निघतो, बुरशी लागते आणि तो आठवड्याभरात मरतो. खुणेचे मासे मेले की परत मिळणारे कमी होतात आणि तळ्यातली संख्या फुगून दिसते. म्हणून काम पहाटे, पाणी गार असताना करावे. हात, पट्टी, टोपली सगळे ओले असावे. आणि खूण केलेल्यांपैकी २०-३० मासे पाण्यातल्या पिंजऱ्यात २४ तास ठेवून किती मरतात ते पाहावे. तेवढ्याच प्रमाणात खुणेचा आकडा कमी धरावा. खूण म्हणून शेपटीच्या पराचा कोपरा कापला तर तो काही आठवड्यांत भरून येऊ लागतो, त्यामुळे दुसरी पकड लांबली की खूण ओळखू येत नाही आणि संख्या पुन्हा फुगते. पोटाखालच्या जोडपरांपैकी एक छाटला तर खूण जास्त टिकते. मासे एकाच घाटावर सोडून दिले तर ते तिथेच घुटमळतात, सगळ्यांत मिसळत नाहीत. ते तळ्याच्या निरनिराळ्या भागांत नेऊन सोडावे लागतात. एकदा पिंजऱ्यात सापडलेला मासा दुसऱ्यांदा पिंजरा टाळतो, तर आमिषाला सोकावलेला पुन्हा पुन्हा येतो. पहिल्या प्रकाराने संख्या फुगते, दुसऱ्याने आक्रसते. यावर उपाय म्हणजे दुसरी पकड वेगळ्या साधनाने करणे: आधी पिंजरे लावले असतील तर नंतर ओढजाळे. आणि अर्थातच, दोन पकडींच्या मध्ये सांडवा वाहू लागला किंवा कुणी नवे बीज सोडले तर सारा हिशेब रद्द.

ओढजाळे मारता येईल अशा, सपाट तळाच्या छोट्या पाण्यात आणखी सोपी वाट आहे. तेच जाळे, त्याच जागी, दोनदा ओढायचे आणि पहिल्या फेरीतले मासे बाजूला हौदात ठेवायचे. पहिल्यात ६० आणि दुसऱ्यात ३६ आले तर साठाचा वर्ग भागिले दोन्हींतला फरक, म्हणजे ३,६०० भागिले २४, उत्तर १५०. दुसऱ्या फेरीत पहिल्याइतकेच किंवा जास्त आले तर सूत्र मोडते. त्याचा अर्थ जाळ्याखालून मासे निसटत होते किंवा बाहेरून आत येत होते, आणि मग जाळ्याच्या शिशाची दोरी तळाला टेकते आहे की नाही ते आधी पाहावे लागते.

जातींच्या यादीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘अमुक मासा तळ्यातून नाहीसा झाला’ ही ओळ सर्वांत सहज लिहिली जाते. एखादी विरळ जात तळ्यात आहे आणि एका जाळ्यात ती सापडण्याची शक्यता दहात एक आहे, असे धरू. आठ जाळी लावली तर आठही जाळ्यांतून ती सुटण्याची शक्यता ४३ टक्के निघते. म्हणजे मासा तळ्यात असूनही जवळजवळ निम्म्या पाहण्यांत तो दिसणारच नाही. ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणायची तर २९ जाळी लागतात. शिवाय काही मासे गिलनेटला लागतच नाहीत. वाम सडपातळ आणि निसरडी, ती आसातून सरकून जाते. मरळ पाणवनस्पतींच्या जाळीत दबा धरून बसतो, मोकळ्या पाण्यात फारसा हिंडत नाही, आणि पाण्यात प्राणवायू संपला तरी वर येऊन हवा घेतो. त्यांच्यासाठी काठालगत पिंजरे आणि गळ लावावे लागतात. बोटाएवढ्या देशी माशांसाठी, ज्यांवर तळ्यातली खरी विविधता अवलंबून असते, गुडघाभर पाण्यातल्या गवतात बारीक आसाचे हातजाळे फिरवल्याशिवाय गत्यंतर नाही. खोल पाण्यातल्या मोठ्या जाळ्यांनी केलेली पाहणी या माशांना ‘नाहीत’ म्हणते, तेव्हा ती त्यांच्याकडे गेलेलीच नसते.

पाण्याच्या नमुन्यातून माशांचे डीएनए शोधण्याची रीत आता बरीच रुळली आहे. २००८ साली फ्रान्समधल्या पाणथळ जागांत बुलफ्रॉग बेडकाचा माग या रीतीने काढला गेला, तिथून ती पसरली. विरळ जात आहे का, एवढे ती फार चांगले सांगते. किती आहेत, केवढे आहेत, हे सांगत नाही. पाण्यात मासळीचा टाकाऊ भाग पडला असेल तर तळ्यात नसलेली जातही यादीत येऊन बसते. सोनार यंत्राने, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून, मासे मोजणे लहान, उथळ तळ्यात जवळजवळ निरुपयोगी आहे. पृष्ठभागालगतचा आणि तळालगतचा थर त्याला दिसत नाही, आणि उथळ तळ्यात त्या दोन थरांशिवाय फारसे काही उरत नाही.

संख्या आणि यादी यांपेक्षा कितीतरी जास्त माहिती देते ती माशांची लांबी. प्रत्येक मासा मोजपट्टीवर मिलिमीटरपर्यंत मोजावा, नाक पट्टीच्या टोकाला टेकवून, शेपटी मिटवून तिच्या टोकापर्यंत. शेपटीच्या खाचेपर्यंत मोजायचे असेल तर तसे लिहावे, पण दोन्ही मापे एका तक्त्यात मिसळू नयेत. एका जातीचे किमान १०० मासे मोजले गेले तर एकेका सेंटिमीटरचे गट पाडून आलेख काढता येतो, आणि त्या आलेखावरच्या उंचवट्यांत तळ्याची मागची चार-पाच वर्षे दिसतात.

उदाहरण तिलापियाचे घेऊ. आलेखात ८ ते १२ सेंटिमीटरच्या दरम्यान एकच भलामोठा उंचवटा असेल आणि २० सेंटिमीटरच्या वर जवळजवळ काहीच नसेल, तर तळ्यात मासे कमी नाहीत, गरजेपेक्षा फार जास्त आहेत. तिलापियाची मादी अंडी तोंडात उबवते, त्यामुळे पिल्ले वाचतात. उबदार पाण्यात ती वर्षातून अनेकदा वीण घालते, आणि गर्दीत वाढ खुंटली तरी लहान वयात, लहान आकारातच प्रौढ होते. खाणे वाटून वाटून सगळेच खुजे राहतात. अशा तळ्यात जाळे टाकणाऱ्याला मोठा मासा मिळत नाही, तो म्हणतो मासे संपले, आणि मग आणखी बीज सोडले जाते. हे म्हणजे उपाशी माणसांच्या पंगतीत आणखी पाने मांडण्यासारखे आहे. इथे बारीक आसाने लहान तिलापिया मोठ्या प्रमाणावर काढावा लागतो, तोही एकदाच काढून भागत नाही. उरलेले मासे जोमाने वाढतात आणि जोमाने वीण घालतात, म्हणून सलग काही वर्षे काढत राहावे लागते. मरळासारखा भक्षक मासा त्या तळ्यात असेल तर तो राखावा. मोठे मरळ पकडून तिलापिया कमी होण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे.

रोहू, कटला आणि मृगळ यांचा आलेख निराळा वाचायचा असतो. हे मासे नदीच्या पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात एरवी घालत नाहीत. हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी कटकमध्ये पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प, म्हणजे रोहू-मृगळाच्या कुळातल्या, माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून त्यांचे बीज तळ्यांना हुकमी मिळू लागले. त्यामुळे बंदिस्त तळ्यात रोहू भरपूर सापडला तर त्यावरून तळे निरोगी आहे असे सिद्ध होत नाही, दोन वर्षांपूर्वी बीज सोडले होते एवढेच सिद्ध होते. आलेखात ३५ ते ४० सेंटिमीटरवर एक उंचवटा आणि त्याखाली रिकामी जागा दिसली तर मधल्या वर्षांत सोडलेले बीज जगलेले नाही. अशा वेळी आणखी बीज सोडण्याआधी ते का जगले नाही ते शोधले पाहिजे. सोडताना केवढे होते? जिरे किंवा नखाएवढे बीज सोडले तर त्यातले बहुतेक मोठ्या माशांच्या पोटात जाते. ८-१० सेंटिमीटरची बोटुकली बरीच तग धरते. पिशव्या थेट फोडून कोमट पाण्यात ओतल्या का? पिशवी १५-२० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवायची, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेत तोंड उघडायचे, हे काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करायचे, आणि एकाच ठिकाणी सगळे ओतायचे नाही. सांडव्याला जाळी होती का? पहिल्या मोठ्या पावसात बोटुकली पाण्याबरोबर निघून गेली असेल तर दोष तळ्याचा नाही, उघड्या सांडव्याचा आहे.

लांबीच्या जोडीला वजन घेतले तर मासा भरलेला आहे की वाळलेला तेही कळते. वजन ग्रॅममध्ये घेऊन १०० ने गुणायचे आणि सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागायचे. एकाच जातीचा २५ सेंटिमीटरचा मासा १९० ग्रॅम भरला तर उत्तर १.२२ येते, १५० ग्रॅम भरला तर ०.९६. दुसरा मासा उपाशी आहे. ही तुलना त्याच जातीत, त्याच ऋतूत करावी. उंच धडाच्या माशाचा आकडा मुळातच जास्त असतो, आणि अंड्यांनी भरलेली मादी त्याला आणखी फुगवते. माशाचे वय काढायला खवल्यांवरची वलये मोजतात, पण उष्ण प्रदेशात थंडीचा खंड स्पष्ट नसल्याने वर्षाला एकच वलय पडते असे गृहीत धरता येत नाही. बीज कधी सोडले ते नक्की माहीत असलेल्या काही माशांवर ताडून पाहिल्याखेरीज वय छापू नये.

भक्ष्य आणि भक्षक यांचे प्रमाण हेही मोजण्यासारखे आहे. अलाबामात ऑबर्न इथे एच. एस. स्विंगल यांनी शेततळ्यांवर काम करून १९५० साली दाखवले की भक्षक माशांच्या वजनाच्या तीन ते सहा पट वजनाचे भक्ष्य मासे असतील तर तळे चांगले समतोल राहते. तो अभ्यास तिथल्या बास (भक्षक) आणि ब्लूगिल (भक्ष्य) माशांचा. आपल्याकडच्या कार्प-तिलापियाच्या पाण्यात तेच आकडे घोकू नयेत, पण दोन्ही गटांचे वजन वेगवेगळे लिहून ठेवावे. तेवढे लिहिलेले असले तर पाच वर्षांनी हे प्रमाण कुठे सरकले ते तरी दिसेल.

माशांबरोबर पाणी मोजले नाही तर पाहणी अर्धीच राहते. तळ्याच्या सर्वांत खोल जागी दर मीटरला तापमान आणि विरघळलेला प्राणवायू घ्यावा, एकदा दुपारी आणि एकदा सूर्योदयाच्या आधी. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, खालचा गार राहतो, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाशी कुजणाऱ्या गाळाने खालचा प्राणवायू संपतो. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेलेल्या पाण्यात बहुतेक मासे थांबत नाहीत. अशा थरात टाकलेले जाळे रिकामे येते, आणि खोलीची नोंद नसेल तर ते रिकामपण माशांच्या नावावर मांडले जाते. दुपारच्या एकाच मापावर विसंबू नये. हिरवेगार, शेवाळाने भरलेले पाणी दुपारी उत्तम आकडे दाखवते आणि रात्रभर तेच शेवाळ प्राणवायू खात असल्याने पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकू लागतात. ३० अंश सेल्सिअसला पाणी पूर्ण संपृक्त असले तरी त्यात लिटरमागे ७.५ मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. २० अंशांना ९.१ मावतो. उन्हाळ्यात हाताशी असलेली शिल्लक मुळातच थोडी असते. ढगाळ, वारा पडलेल्या दिवसांनंतर एका सकाळी मोठे मासे आधी मेलेले आढळले आणि लहान तगले, तर बहुधा प्राणवायूच संपलेला असतो. लहान-मोठे सगळे एकदम मेले असतील तर पाण्यात काही विषारी आले का, ते तपासायला नमुना त्याच दिवशी घ्यावा. दुसऱ्या दिवशी तो बहुतेक वेळा काहीच सांगत नाही.

एक काळजी पाहणी करणाऱ्यांनीच घ्यायची आहे. रात्रभर लावलेले गिलनेट मासे मारते, आणि त्यात कासवे, पाणपक्षीही बुडतात. दोन-तीन हेक्टरच्या तळ्यात अशा आठ-दहा जाळ्यांची एक रात्रही तिथल्या विरळ मोठ्या माशांना जड जाऊ शकते. तिथे जाळी तासा-दीड तासाने उचलावी, आणि शक्य तिथे पिंजरे आणि ओढजाळे वापरून मासे जिवंत परत सोडावे. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना जाळी, होडी, बूट धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे. ओल्या जाळ्याबरोबर जलपर्णीचा तुकडा, गोगलगाईची अंडी, माशांचे रोग आणि गंबुसियासारखे परके मासे असे सगळेच प्रवास करते. तळ्यात शिरलेला गंबुसिया देशी लहान माशांची पिल्ले खातो, आणि तो पुन्हा बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते.

आपल्याकडे तळ्याच्या पाहणीची बातमी येईल तेव्हा पाहणी करणाऱ्यांकडून एक तक्ता जरूर मागवावा: प्रत्येक जाळ्याची जागा, खोली, आसाचे माप आणि ते कसे मोजले, लावण्याची व उचलण्याची वेळ, आलेला प्रत्येक मासा आणि त्याची लांबी, आणि रिकाम्या आलेल्या जाळ्यांसमोर लिहिलेले शून्य. बातमीत त्यातले सगळे छापायला जागा नसेल, पण तक्ता अस्तित्वात आहे की नाही एवढे तरी छापावे. बीज सोडण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी त्याच महिन्यात, त्याच जाळ्यांनी केलेल्या किमान दोन वर्षांच्या पाहण्या समोर असल्याशिवाय पिशव्या मागवू नयेत.

आपले नम्र,
गोड्या पाण्यातल्या माशांच्या पाहण्या करणारे काही वाचक